जीपचा पंप

आमच्या आकुर्डीच्या सोसायटीतली सगळ्यात जुनी रहिवासी म्हणजे आमची जीप. देहूरोडला लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांच्या लिलावात ह्यांनी ती घेतली, तेव्हा आमच्या घरात फ्रीजसुद्धा नव्हता. मी तिला सवत म्हणायचे. रविवारचा नवरा तिचा, उरलेला माझा.

गेल्या वर्षी सवतीचा फ्युएल पंप गेला आणि ह्यांची आठवणही जायला लागली. आधी चष्मा विसरले, मग किल्ल्या, मग मला. जन्मभर 'अगं' म्हणून हाक मारणारा माणूस एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "ताई, साखर जरा कमी टाकत जा." डॉक्टर म्हणाले, हातांना सवयीचं काम द्या. मला दुसरं काय सुचणार? मला लावला नसेल इतका जीव त्यांनी त्या जीपला लावला होता. ती सुरू झाली की मीही आठवेन, असं मनाशी धरून बसले आणि पिंपरीत दुकानं पालथी घालून पंप आणला.

मी बॉनेट उघडलं तसे ते आत वाकले. मग त्यांनी बॅटरीची वायर काढली आणि माझ्यापुढे हात केला. "पाटी?"

चाकणच्या कंपनीत ते मेंटेनन्सला होते. मशिनला हात घालण्याआधी मेन स्विच पाडायचा आणि आपली लाल पाटी अडकवायची, काम चालू आहे म्हणून. ज्यानं लावली त्यानंच ती काढायची, साहेबानंसुद्धा हात लावायचा नाही. आता पाटी कुठून आणू? मी अंगावरची ओढणी काढून दिली, ती लालच होती. त्यांनी ती स्टिअरिंगला बांधली आणि कामाला लागले.

जुना पंप निघाला, त्याखाली चिकटलेलं गॅस्केट खरवडून झालं. नव्या पंपाची दांडी इंजिनात फिरणाऱ्या कॅमवर नेमकी टेकावी लागते, तोच पंप चालवतो. दिसत नाही, चाचपूनच बसवायची. ती बसवताना त्यांनी पाना मागितला आणि मी भलताच दिला. "अर्ध्या इंचाचा म्हटलं ना! लक्ष कुठंय?" ते खेकसले. काय बरं वाटलं म्हणून सांगू! हा तर माझाच नवरा. मी मुद्दाम आणखी एकदा चुकीचा पाना दिला.

पंपाचा लिव्हर हातानं मारून त्यांनी पेट्रोल वर चढवलं, वायर जोडली, ओढणी स्वतःच सोडली. स्टार्टर मारला. सवत दोनदा खोकली आणि सुरू झाली. माझ्या डोळ्यांना धार लागली. आता बोला, मी मनात म्हणत होते, आता तरी ओळखा.

ते हात पुसत माझ्याजवळ आले.

"ताई, ट्रायल ओके आहे. काही आवाज आला तर पुढच्या शिफ्टला सांगा." मग त्यांनी सोसायटीच्या गेटकडे बघितलं. "मी निघतो. बस चुकली की घरी बायको जेवायची थांबते. किती सांगितलं तरी ऐकत नाही."

मी जीप बंद केली, त्यांचा हात धरला. म्हटलं, "चला, मी सोडते तुम्हाला घरी."