रेशनकार्डावरचा मोर

भेंडी चिरली की मला मुलुंडच्या आमच्या चाळीतली शेजारची ताई आठवते. भेंडीचा काप रंगात बुडवून ती दिवाळीच्या कार्डांवर फुलं छापायची, वर डिंक लावून इतकी चमकी भुरभुरायची की ठाण्यापर्यंतचे कावळे चकाकायचे. पण तिच्या काही कार्डांवर रंगाशिवाय, नुसताच फुगीर मोर असायचा. तो कोऱ्या कागदातून वर कसा उठतो, या विचाराने मी दोन दिवस जेवलो नव्हतो, आणि ही तर दिवाळी संपताच लग्न होऊन चालली होती. “ताई, सांग ना गं.” “रडू नकोस रे, बघ.” तिने कागदाखाली कुंकवाच्या करंड्याचं मोराच्या नक्षीचं झाकण ठेवलं आणि वरून चमच्याची पाठ घासली. “ने झाकण, पण संध्याकाळी परत दे, करंडा रुखवतात मांडायचाय.” घरात जाड कागद एकच सापडला. ते रेशनकार्ड आज माझ्या कपाटात आहे. बोट फिरवलं की मोर हाताला लागतो आणि बाबांनी पिळलेला कान अजून गरम होतो.