अलीमियाँनी घानाशी संबंध तोडले

अलीमियाँ परकार मूळचे हर्णैचे. अठ्ठावन्न साली ते दुबईला आले आणि खाडीकाठच्या इंग्रजांच्या कचेरीत पट्टेवाले म्हणून लागले. सकाळी झेंडा चढवायचा, संध्याकाळी उतरवून घडी घालायची आणि मधल्या वेळात फायली आणि तारा या खोलीतून त्या खोलीत न्यायच्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. पण कुठली तार मोठी आणि कुठली साधी, हे साहेबाच्या भुवयांवरून कळतं असं ते सांगत.

आम्ही बर दुबईत त्यांच्या शेजारी राहायचो. मधली भिंत खजुराच्या झावळ्यांची. त्यामुळे त्यांच्या घरातलं मला ठाऊक नाही, असं फारसं काही नव्हतं.

त्यांना एकच मुलगी, शहरबानू. तिचं लग्न लियाकतभाईंच्या रफिकशी ठरलं होतं. लियाकतभाईंचं खाडीपलीकडे, देऱ्याला, लाँचची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. रफिक मात्र पार आफ्रिकेत, घाना देशातल्या टेमा बंदरावर फिटर. त्याला उन्हाळ्यापर्यंत सुट्टी नव्हती. म्हणून त्याच्या गैरहजेरीत निकाह करायचं ठरलं. त्याने बापाला अधिकाराचं पत्र पाठवायचं आणि बापाने त्याच्या वतीने कबूल म्हणायचं. आमच्या लोकांत निम्मे पुरुष बोटीवर, त्यामुळे याचं कुणाला नवल नव्हतं. ईदनंतरचा पहिला जुम्मा धरला होता. शहरबानूने रफिकला एकदाच पाहिलं होतं आणि तेवढं तिला पुरलं होतं.

पासष्टच्या डिसेंबरात, रमजानला आठवडा असताना, अलीमियाँ कचेरीतून आले, चप्पल काढली आणि म्हणाले, "खलास. घानाने विलायतेशी संबंध तोडले."

त्यांच्या पत्नी खतीजाभाभी तांदूळ निवडत होत्या. "का?"

"ऱ्होडेशियात मूठभर गोऱ्यांनी सगळं राज्य स्वतःकडे घेतलं. इंग्रजांनी त्यांना आवरलं नाही, म्हणून."

"बरोबर आहे की त्यांचं," भाभी म्हणाल्या.

"बरोबर-चूक माझं काम नाही. मी कचेरीचा माणूस. घानात सोयरीक नको."

भाभींना वाटलं, उपाशी आहेत, जेवले की उतरेल. जेवले, पण उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी ते अब्राने, म्हणजे खाडीतल्या होडीने, देऱ्याला गेले आणि लियाकतभाईंना उभ्याउभ्याच सांगून आले. तिथे काय झालं ते लियाकतभाईंनी नंतर सगळ्या देऱ्याला ऐकवलं.

"अरे, तू इंग्रज कधी झालास? हर्णैचा ना तू?"

"मी त्यांचं मीठ खातो. तुझा मुलगा घानाचं खातो."

"माझा मुलगा नट-बोल्ट आवळतो रे बाबा!"

"सरकारी बंदरातले."

लियाकतभाई चिडले. म्हणाले, "ईदनंतरच्या जुम्म्यापर्यंत थांबतो. मग बाणकोटची मुलगी तयार आहे." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

शहरबानू बापाला एवढंच म्हणाली, "अब्बा, मी घानाशी लग्न करत नाहीये." आणि चुलीकडे गेली. पुढचे पंधरा रोजे त्या घरात पाण्याचा ग्लास ठेवल्याचाही आवाज मोठा वाटायचा. मी नमाजनंतर तिच्यासाठी दोन शब्द जास्त मागायचे.

खरी गोष्ट भाभींनी मला विहिरीवर सांगितली. अलीमियाँ घाबरले होते. दुबईत राहायचा कागद कचेरीनेच करून दिलेला. उद्या कुणी चुगली केली, की पट्टेवाल्याचा जावई घानाच्या बंदरात आहे, तर नोकरी गेली आणि कागदही गेला. हे त्यांना बोलायची लाज वाटायची. संबंध तोडले म्हणायला वाटत नव्हती.

शेवटी भाभींनीच त्यांना साहेबाला विचारायला लावलं. इफ्तारला खजूर तोंडात टाकून त्यांनी उत्तर सांगितलं.

"साहेब म्हणाला, सिर्फ उधर का बडा साब वापस आया. बाकी काम चालू."

"कसं चालू? बोलणं बंद ना?"

"मधे तिसरा देश ठेवलाय. यांचं म्हणणं तो त्यांना सांगतो, त्यांचं यांना. तिकडचा कोको पण येतो म्हणाला."

"आणि जावयाचं?"

"हसला. म्हणाला, मुबारक."

भाभींनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे साहेबांचा कोको चालू आणि माझ्या मुलीचा निकाह बंद?"

अलीमियाँनी आणखी एक खजूर घेतला. नोकरीची भीती गेली होती, पण दिलेला शब्द असा कसा फिरवायचा? सगळ्या देऱ्याला माहीत झालेला.

"मी लियाकतशी बोलणार नाही," ते म्हणाले.

"नका बोलू. मधे तिसरा ठेवा."

तिसरा म्हणजे जहूरभाई शिंपी. त्यांना दोन्हीकडून शिलाईचं येणं होतं, म्हणून त्यांनी खाडी ओलांडून निरोप नेले-आणले आणि ठरलेला जुम्मा कायम राहिला.

अडचण निकाहाच्या दिवशी आली. मुलीच्या बापाने "माझी मुलगी तुझ्या मुलाला दिली" म्हणायचं आणि लियाकतभाईंनी मुलाच्या वतीने "कबूल" म्हणायचं, तेही समोरासमोर. अलीमियाँनी आपल्या वतीने जहूरभाईंना नेमलं.

काझींनी चष्मा वर केला. "बाप इथेच बसलाय ना?"

"बसलोय," अलीमियाँ म्हणाले. "बोलत नाही."

काझींनी थोडा विचार केला. "शरियतला चालतं. यल्ला, चला, साक्षीदार या."

अशा रीतीने ज्या निकाहात नवरा चार-पाच हजार मैलांवर होता, त्यात बापही हजर असून गैरहजर राहिला. पडद्याआड शहरबानूला विचारलं, तेव्हा तिने काझींचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं. मी तिला चिमटा काढला.

जेवायला आमच्यात चौघांत एक थाळ असतो. जहूरभाईंनी मुद्दाम दोघांना एकाच थाळावर बसवलं.

"जहूर, त्याला सांग, भात घे," लियाकतभाई म्हणाले.

"जहूर, सांग, घेतलाय," अलीमियाँ म्हणाले. पण नळीचं हाड त्यांनी बोटाने लियाकतभाईंच्या बाजूला सरकवलं. ते कुणामार्फत नव्हतं.

मार्चात घानात सरकार बदललं आणि विलायतेशी संबंध पुन्हा जुळले. तार आली त्या दिवशी अलीमियाँनी कचेरीची खाकी इस्त्री करून घातली, अब्राने देऱ्याला गेले आणि लियाकतभाईंना ती बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. लियाकतभाईंनी ती सकाळीच रेडिओवर ऐकली होती. तरी हातातला पाना खाली ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.