सांध्यांतलं सिमेंट

"आधी तिले बोलू द्या," असं म्हणून मिस्त्री लादीवर हातोडीच्या दांड्यानं दोनदा ठोकायचे आणि कान खाली न्यायचे. त्यांची ही नक्कल करून मी अनेकांना हसवलं आहे. पुढचं मात्र वर्षानुवर्षं टाळत आलो. आता वय अठ्ठ्याहत्तर. सांगून टाकतो.

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला ओव्हरसियर. अकोल्यातल्या आमच्या घराच्या अंगणात काँक्रीटच्या जुन्या लाद्या होत्या. वरचं सिमेंट झिजून खडी उघडी पडलेली, कडांना शेवाळ, काही खचलेल्या, काही डुगडुगणाऱ्या. सगळे म्हणाले, काढून टाका, टाइल्स बसवा. मिस्त्री जुन्या शहरातून सायकलवर आले, अंगणभर ठोकत फिरले आणि म्हणाले, "फेकता काहून? मेलेल्या फक्त चार आहेत."

"कसं कळलं?"

"जिती खणखणते, मेलेली बदबद करते. तुमी ठोकून पाहा."

मी ठोकून पाहिलं. मला सगळ्या सारख्याच वाटल्या. मी आयुष्यभर बांधकामं तपासली होती, पण कानानं तपासणारा माणूस पहिल्यांदाच पाहत होतो. मग खुर्ची टाकून रोज त्यांचं काम बघत बसू लागलो.

प्रत्येक लादीवर खडूनं खूण करून ते ती पहारीनं उचलत, खाली मुरूम घालून ठोकून घेत आणि लादी उलटी करून बसवत. साच्यातली ती खालची बाजू इतक्या वर्षांत वापरलीच गेली नव्हती. घासल्यावर नव्यासारखी निघाली. फुटके कोपरे त्यांनी भरले आणि ओली पोती टाकून आठवडाभर झाकून ठेवले.

बायको म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं हिच्या पाठीवरच रांगोळ्या काढल्या?"

"नाई वयनी, तोंडावर काढल्या. पाठीवर आता काढजा."

दोन लाद्यांच्या मध्ये त्यांनी बोटभर फट ठेवली आणि तिच्यात नुसती रेती भरली. मी म्हणालो, "सिमेंट का नाही?"

"खाली काळी माती आहे, साहेब. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. लाद्यायले सरकाले जागा नसन, तं एकमेकीच्या अंगावर चढतीन."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. तरीही महिनाभरात त्या रेतीत मुंग्यांनी घरं केली, हरळी उगवली, आणि माझं डोकं फिरलं. बायको लेकीकडे अमरावतीला गेली होती. एका सकाळी मी स्वतः सिमेंट कालवलं आणि सगळे सांधे भरून टाकले. अंगण कसं एकसंध दिसायला लागलं. मी खूश होतो.

श्रावणात लाद्या उठल्या. भिडून तंबूसारख्या वर आल्या, कडा फुटल्या. शेजारचे वकीलसाहेब फाटकाशी आले. पोळ्यानंतर त्यांच्या अंगणाचं काम मिस्त्री करणार होते, गल्लीतल्या आणखी दोन घरांचंही.

"हे कसं झालं, साहेब?"

"मिस्त्रीचं काम, दुसरं काय," मी म्हणालो.

बोलताना आवाज जरासुद्धा चढला नव्हता. ओव्हरसियरच्या शब्दावर शंका कोण घेणार?

मिस्त्रींच्या कानावर गेलं आणि ते दुसऱ्याच दिवशी आले. वकीलसाहेब फाटकाशी होतेच. मिस्त्री उकिडवे बसले, एका सांध्यात त्यांनी खिळा खुपसला. तो सिमेंटला अडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता सांगतील म्हणून मी वाट पाहिली. लादीला बोलू द्यावं, तसं ते मला बोलू देत होते, हे मला फार उशिरा कळलं.

मी वाकून फुटलेली कड तपासू लागलो. मग तेच म्हणाले, "माह्यं चुकलं असन. नीट करून देतो."

"आमच्याकडं मात्र आता येऊ नका, भाऊ," वकीलसाहेब म्हणाले.

तीन दिवस मिस्त्रींनी छिन्नीनं सांधे मोकळे केले, पुन्हा रेती भरली. निघालेले सिमेंटचे तुकडे पोत्यात घातले आणि पोतं सायकलच्या कॅरिअरला बांधलं.

"हे कशाला नेता?" मी विचारलं.

"इथं राह्यलं तं कोनी पाहीन."

त्यांनी माझी अब्रू झाकली, की त्यांना सगळं कळलं आहे एवढंच मला कळवलं? मी अजून विचार करतो. आमच्या गल्लीत ते पुन्हा दिसले नाहीत.

गेल्या वर्षी समजलं, ते बडनेऱ्याला मुलाकडे असतात. बसमध्ये मी एकच वाक्य घोकत गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते. फरशी कापायच्या मशीनच्या आवाजानं त्यांचे दोन्ही कान गेले होते. माझा हात धरून ते म्हणाले, "जोरात बोला, साहेब. आता ऐकू येत नाई."

सून बाजूला तूर पाखडत होती. शेजारच्या दोन बाया पाहायला आल्या होत्या. मी श्वास घेतला आणि ओरडलो, "लाद्या अजून जागच्या जागी आहेत!"

ते हसले. बाजेच्या माचव्यावर बोटानं दोनदा ठोकून म्हणाले, "मंग? मी म्हनलं नव्हतं?"

दिवाळीनंतर ते गेल्याचं कळलं. अंगणात बसलो की काठीनं लादीवर ठोकतो. खणखणते, आता मलाही ऐकू येतं.

बसमध्ये घोकलेलं वाक्य अगदी लहान होतं. "मिस्त्री, सांध्यांत सिमेंट मी भरलं होतं, मला माफ करा."