चौथ्या गाण्यात पळालेला खांब

सकाळपासून वारा पत्रे थोबाडत होता. खिडकीच्या फटीत चिंधी कोंबून टाळीमास्तर कामाला बसला. हे नाव त्याला मांडववाल्यांनी दिलेलं. गाण्याचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी हा गडी माईकसमोर जाऊन एकच सणसणीत टाळी वाजवी आणि खाली उतरे. नवख्यांना वाटे, याचं डोकं फिरलंय. पण त्या टाळीवरच त्याचं पोट होतं. स्टेजवरच्या माईकांचा, मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज स्वच्छ, पण मेलेला. गर्दीतल्या रेकॉर्डरचा आवाज गढूळ, पण जिवंत. टाळीला टाळी भिडवून दोन्ही एकमेकांत मिसळले, की घरी बसून ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. एकदा जुळले की शेवटपर्यंत जुळलेले राहत. दोन यंत्रांची घड्याळं तासाभरात फाकलीच तर केसभर.

रेकॉर्डर गर्दीमागच्या खांबाला बांधायचं काम मेव्हण्याकडे होतं. बायकोचा हा धाकटा भाऊ कार्यक्रमांत गर्दी आवरायला काठी घेऊन उभा राही, आणि जेवायला-झोपायला यांच्याच घरी.

गेल्या शनिवारी स्टेजपुढच्या कठड्यापाशी पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला कुणीतरी इतकं बडवलं, की तिसऱ्या दिवशी तो गेला. मेव्हण्याने चौकीत जबाब दिला होता: मी सगळा वेळ मागच्या फाटकावर होतो, पुढून एक पेंटर पळत आला, त्याच्या शर्टावर रक्त होतं. तो पेंटर आता कोठडीत होता.

आज टाळीमास्तर त्याच शनिवारचं रेकॉर्डिंग जुळवत होता. चौथ्या गाण्यात मेळ सुटला. गर्दीतल्या रेकॉर्डरवरचा ड्रम मिक्सरमधल्या ड्रमच्या आधी वाजू लागला. आधी किंचित, मग चांगलाच. टाळीमास्तरने मोजलं. आवाजाला एक मीटर चालायला तीन मिलिसेकंद लागतात. इथे पाऊण मिनिटात एकशे वीसचा फरक पडला होता. म्हणजे रेकॉर्डर चाळीस मीटर पुढे गेला होता, थेट कठड्यापर्यंत. खांब काही पळत नाही.

त्याने मिक्सरचा आवाज बंद केला. आधी कापड घासल्याची खसखस. मग ठोसे, मऊ आणि ओले. मग काठी. काठी मांसावर पडली की धप्प वाजते, हाडावर पडली की कोरडी. म्हातारा एकदाच म्हणाला, "बाबा, पुरे." त्यानंतर अकरा फटके. मोजायची गरज नव्हती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते सुळक्यांसारखे उभे होते.

दुसऱ्या गाण्यातल्या टाळ्या उचलून त्याने ती जागा बुजवून पाहिली. लोकांचे खोकले, शिव्या तो अशाच बुजवायचा. इतकं बेमालूम बसलं, की तिथे कुणी मार खाल्ला होता हे कुणालाच कळलं नसतं. त्याने सगळं होतं तसं केलं.

दुपारी मेव्हणा जेवायला आला. टाळीमास्तरने रेकॉर्डर कुठे होता म्हणून विचारलं, तर म्हणे खांबालाच, आणखी कुठे असणार. पडदा दाखवल्यावर म्हणाला, पेंटरनेच सोडून नेला असेल. आणि लगेच, ते पुसून टाक.

"पेंटरने नेला असेल, तर पुसायची घाई तुला का?"

मेव्हण्याने त्याची मान धरून कपाळ टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. नाकातून रक्त आलं. मग डाव्या कानाखाली अशी ओढली, की आत काहीतरी फाटलं आणि खोलीची डावी बाजूच बंद पडली. मेव्हणा स्पीकर उचलून पुन्हा हाणणार, तेवढ्यात बायको हातातल्या तापलेल्या इस्त्रीसकट आत आली.

"खाली ठेव. नाहीतर तोंडावरून फिरवीन."

स्पीकर त्याच्या हातून पडून फुटला. तो भिंतीला टेकला. तिने हेडफोन उचलून स्वतःच ऐकलं. फटक्यांच्या मधे मधे एक बारीक शिट्टी वाजत होती. लहानपणी धुळीत खेळून आला की याची छाती अशीच वाजायची, आणि तेल चोळायला हीच बसायची.

"हा तू दमतोयस," ती म्हणाली. "म्हातारा मरतोय, आणि दम तुला लागलाय."

मेव्हणा खाली बसला. रेकॉर्डर बांधायचा कंटाळा केला, चालूच खिशात राहिला, म्हणाला. म्हातारा हटकलं तरी ऐकेना, हात सुटला.

"ताई, घरातलं घरातच राहू दे."

"तो म्हातारा कुणाच्या घरातला होता?"

रेकॉर्डरचं कार्ड मुठीत धरून ती पुढे निघाली. रक्ताळलेला टॉवेल कानाला लावून टाळीमास्तर मागून. मेव्हणाही आला, अडवत, रडत, आणि चौकीच्या पायरीशी एकदा बहिणीचा हात पिरगाळत. शिपायांनी त्याला तिथेच लोळवला.

चार वाजता दोघंच परतली. चौकीत पेंटरला सोडतो म्हणाले होते. डॉक्टरने सांगितलं होतं, कानाचा फाटलेला पडदा भरला तर महिन्याभरात, नाहीतर नाही. बायकोने फुटलेला स्पीकर उचलला, फरशीवरचं रक्त पुसलं, रडली नाही. शनिवारच्या वायरी कोपऱ्यात गुंता होऊन पडल्या होत्या. टाळीमास्तरने एकीचं टोक शोधून काढलं आणि पीळ बसू नये म्हणून एक वेढा सुलटा, एक उलटा, अशी ती हातावर गुंडाळायला घेतली.