भूतबाबूंची हजेरी

भूतबाबू रोज सकाळी साडेआठला आपल्या भुतांची हजेरी घेत. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. गोंडपिपरीला तहसील कार्यालयासमोर दिलीपभाऊंचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना मी तिथे टायपिंगच्या कामाला लागले. पहिल्याच दिवशी सत्तरीकडे झुकलेला एक सडपातळ माणूस आत आला, बाकावर बसला, पिशवीतून लाल पुठ्ठ्याचं लांब रजिस्टर काढलं आणि नावं पुकारू लागला. "मैनाबाई रोवणीवाली." थोडा वेळ दाराकडे पाहिलं, मग चौकटीत 'ह' लिहिला. "सोमा जाळेवाला." पुन्हा दाराकडे नजर, पुन्हा 'ह'. दारात कोणीच नव्हतं. मी टायपिंग सोडून दाराकडे पाहू लागले. दिलीपभाऊ मात्र झेरॉक्स काढता काढता म्हणाले, "बाबू, आज किती आले?"

"सतरा. दोन रजेवर हायेत."

भूतबाबू भुतांच्या गोष्टी लिहीत. त्यांची पातळ पुस्तकं बसस्टँडवर आणि जत्रेत विकली जात. घुग्घुसपासून सिरोंच्यापर्यंत ती वाचणारे होते. शिफ्ट संपवून आलेले कामगार वाचत आणि माझ्यासारख्या कॉलेजच्या मुलीही. फार पूर्वी ते चंद्रपूरकडच्या एका खाणीत ठेकेदाराचे हजेरीबाबू होते. ती खाण आता बंद आहे. तिथली नोकरी सोडून ते गोंडपिपरीला आले आणि तहसीलसमोर लोकांचे अर्ज लिहू लागले. अर्ज लिहून झाले की गोष्टी. प्रत्येक नव्या भुताचं नाव रजिस्टरला चढे आणि मग त्याची रोज हजेरी लागे. तुमच्याही तालुक्याला असा एखादा माणूस असेल. लोक त्याला अर्धं हसतात आणि अर्धं भितात.

त्यांची भुतं कुणाला झपाटत नसत. ती कामावर येत. मैनाबाई भर दुपारी चिखलात उतरून राहिलेली रोवणी, म्हणजे धानाची लावणी, पूर्ण करी. सोमा तलावाच्या पाळीवर बसून दुसऱ्यांची फाटकी जाळी विणून ठेवी. वाघाने नेलेली एक बाई मोहफुलं वेचायला आलेल्या बायकांना झाडामागून खोकून सावध करी. कोणी भूत पाहिल्याचं सांगायला आलं, की बाबू अर्ज लिहायच्याच आवाजात विचारत, "कुठी दिसलं? किती वाजता? हातात काय होतं?" एकदा एक ट्रकवाला म्हणाला, "बाबू, पाय उलटे होते बघा." बाबूंनी पेन खाली ठेवलं. "पाय उलटे अस्तीन त कामावर कसा जाईन तो? काहीतरीच सांगून राह्यला."

त्यांच्या एकाही गोष्टीत रात्र नव्हती. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "अंधारात कोणीबी भेते, ऑपरेटर बाई. बारा वाजता भेवाडून दाखवा, त मानलं." मला ते पहिल्या दिवसापासून ऑपरेटर बाई म्हणत. माझ्या घरात तोवर कोणी मला कुठल्याच हुद्द्याने हाक मारली नव्हती.

त्यांचा एक नियम मात्र मला फार आवडे. ज्याच्यावरून भूत घेतलं, त्याच्या घरी गोष्ट आधी वाचायची. घरच्यांनी हो म्हटलं तरच ती छापायची. एकदा एका सुनेने सांगितलं, "आमच्या सासूले भूत नोका करू, बाबू. जिती होती तवाच लय झालं." घरातले सगळे हसले. बाबूही हसले, आणि महिनाभर खपून लिहिलेली बावीस पानं त्यांनी तिथेच टराटरा फाडली.

आणि माझं शिक्षण. दुसऱ्या वर्षाला माझ्या वडिलांनी कॉलेज बंद करायचं ठरवलं. धानकापणीला हात कमी पडत होते आणि आमच्या गावची बस कधी येई, कधी येत नसे. मी दुकानात नुसतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबू त्याच बसने आमच्या घरी आले, खाटेवर बसले आणि वडिलांना म्हणाले, "भाऊ, तुमची पोरगी वर्षभरात एक दिवस गैरहजर नाई. मी स्वतः पाह्यलं हाय. ज्याची हजेरी पुरी हाय, त्याचं नाव मधातून खोडू नोका. लय मोठं पाप लागते." हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज चिरकला. तेव्हा मला वाटलं, प्रवासाने थकले असतील. वडील म्हणाले, "जाऊ दे तिले." आमच्या घरात, आमच्या भावकीत मी पहिली पदवीधर झाले ती त्या वाक्यामुळे.

आता जे सांगायचं आहे, ते सांगताना मला आजही धक्का बसल्यासारखं होतं.

रजिस्टरच्या प्रत्येक पानावर पहिली ओळ बिननावाची होती. नावाचा रकाना कोरा आणि पुढे रोज, महिनेच्या महिने, लाल शाईने 'गै'. इतर सगळी भुतं निळ्या शाईत. एकदा धीर करून विचारलं, "बाबू, हा कोण? हा कधीच येत नाही?"

"तो रोज येते," बाबू म्हणाले. "मीच मांडत नाई." आणि रजिस्टर मिटलं.

मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांनी एक नवी गोष्ट टाइप करायला आणली. तेव्हा त्यांना खोकल्याने घेरलं होतं आणि चंद्रपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. गोष्टीचं नाव होतं 'गैरहजर'. मी टाइप करत गेले. लटारी शेंडे नावाचा, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातला तरणा माणूस उन्हाळ्यात तलाव आटले की खाणीवर मजुरीला येई. एका सकाळी तो उशिरा पोचला. हजेरीबाबूने त्याच्या नावापुढे 'गै' लिहून टाकला होता. लटारी म्हणाला, "बाबू, मांडा ना. धावत आलो." बाबू म्हणाला, "एकदा लिवलं ते लिवलं. रजिस्टरमधी खाडाखोड चालत नाई." लटारी हसून म्हणाला, "मी उतरतो. तुमचा राग गेला की दुपारी मांडा." दुपारच्या आत खाणीचं छत बसलं. लटारी खालीच राहिला.

मी भुताची वाट पाहत होते. भूत आलंच नाही. चौकशीला साहेब आले. ठेकेदार म्हणाला, हा आमच्या कामावर नव्हताच, भंगार चोरायला उतरला असेल. साहेबांनी रजिस्टर मागितलं. मग हजेरीबाबूला विचारलं, "हा माणूस त्या दिवशी हजर होता?" हजेरीबाबू म्हणाला, "रजिस्टरमध्ये आहे तेच खरं."

पुढे टाइप होईना. "बाबू," मी विचारलं, "ही गोष्ट आहे ना?"

बाबू बाकावर हात मांडीखाली दाबून बसले होते. "टाइप करा, ऑपरेटर बाई. पुरी करा."

दिलीपभाऊंनी मशीन बंद केली.  ज्या माणसाने माझं नाव खोडू दिलं नाही, त्याने एका मेलेल्या माणसाला कामावरून खोडलं होतं. मी पिशवी उचलली आणि घरी निघून गेले. दोन दिवस दुकानात गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा ते त्याच बाकावर होते. म्हणाले, "लटारीच्या बायकोच्या घरी वाचाची हाय. नियम हाय आपला. मले एकट्यानं जाववत नाई."

नियमच होता. एवढी वर्षं इतर सगळ्यांची दारं त्यांनी ठोठावली आणि हेच एक सोडलं होतं. मी स्कूटी काढली. मागे बाबू, आणि त्यांच्या मांडीवर पिशवीत ते रजिस्टर.

लटारीची बायको पार्वताबाई अंगणात जाळं विणत होती. बाबूंनी स्वतःचं नाव सांगितलं. तिचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू लागला. बाबूंनी कागद काढून माझ्यापुढे धरले. मी कागद घेऊन वाचायला लागले. पहिलं पान संपायच्या आत ती म्हणाली, "तू काऊन वाचून राह्यली, माय? ह्याले तोंड नाई का?"

मी कागद बाबूंना परत दिले. ती उठली आणि कुंपणापाशी जाऊन तिने मोठ्याने हाका मारल्या. दिराला, शेजारच्या म्हाताऱ्याला, पोलीस पाटलाला. "या सारे. माह्या पोराले चोराचा पोरगा कोण कोण म्हणे, ते बी या." दहा मिनिटांत अंगण भरलं. ती बाबूंना म्हणाली, "उभं राहून वाच. आवाज मागच्या माणसापरेन गेला पाह्यजे."

बाबू उभे राहिले. खोकत, थांबत त्यांनी सगळं वाचलं. 'रजिस्टरमध्ये आहे तेच खरं' या ओळीवर ते खाली बसू लागले. मी पुढे झाले, पण पार्वताबाईने मला हाताने अडवलं. वाचून झालं तेव्हा पोलीस पाटील खाली मान घालून बसला होता. कोणीतरी मागून म्हणालं, "म्हंजे लटारी चोर नव्हता?" पार्वताबाईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते रजिस्टर कोणतं?" तिने विचारलं. बाबूंनी ते जमिनीवर ठेवून आजच्या हजेरीचं पान उघडलं. "मांड," ती म्हणाली. बाबूंनी पहिल्या ओळीत लटारी शेंडे हे नाव लिहिलं आणि पुढच्या चौकटीत एक अक्षर. तिला वाचता येत नव्हतं. ती माझ्याकडे वळली. "काय लिवलं ह्यानं?"

"हजर," मी म्हटलं.

तिने जाळं पुन्हा हातात घेतलं. "जा आता," ती म्हणाली. आम्हाला तिने पाणीही विचारलं नाही.

गोष्ट छापायला तिचा होकार आम्ही मागितला नव्हता. चार दिवसांनी तिचा दीर दुकानात आला आणि म्हणाला, "वयनी म्हणते, छापा. बाबूचं खरं नाव टाकून." ती स्वतःच्या खऱ्या नावानिशी छापली बाबूंनी. लोक हादरले. बसस्टँडवरच्या दुकानदाराने त्यांची उरलेली पुस्तकं परत पाठवली. ज्या बाकावर भुतं ऐकायला गर्दी होई, तिथे ते एकटे बसू लागले. एकही नवं भूत त्यांनी लिहिलं नाही. तीन महिन्यांत ते गेले.

बातमी द्यायला मी पार्वताबाईकडे गेले. तिने ऐकून घेतलं. माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "तुह्या शिक्षणासाठी तोच आला होता ना तुह्या बापाकडं? दीर सांगत होता." मी मान हलवली. "मंग तू रडून घे, माय. बस इथी. मी नाई रडत." मी तिच्या अंगणात बसून रडले. ती जाळं विणत राहिली. निघताना तिने पाण्याचा गडू माझ्यापुढे केला.

आज मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. बाबूंचं रजिस्टर माझ्याकडे आहे. दिलीपभाऊंनी दिलं तेव्हा शेवटचं पान मी उघडून पाहिलं. लटारीच्या नावापासून खाली मैनाबाई, सोमा, सगळे ओळीने होते. सगळ्यात खाली बाबूंनी स्वतःच्या हाताने आपलं नाव चढवून ठेवलं होतं. पुढची चौकट कोरी सोडली होती.

वर्गात जायच्या आधी कधी कधी मी ते पान उघडते आणि पेन हातात घेते. त्या चौकटीत मी अजून काहीच मांडलेलं नाही.