गांगुर्डे बाईंची उडी

नाशिक रोडला टायपिंग शिकवणाऱ्या गांगुर्डे बाईंना नव्या कॉम्प्युटर गेमच्या डेमोंचं, म्हणजे फुकट मिळणाऱ्या छोट्या नमुन्यांचं, भारी वेड. कॉम्प्युटरच्या मासिकासोबत डेमोची सीडी आली की क्लास सुटल्यावर त्या आम्हा मुलींना घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायच्या. तिथेही कीबोर्डकडे बघितलं की बोटांवर पट्टी बसायचीच!

२००३ साली एका डेमोत शेवटी उंच भिंत होती. तिथे खेळ संपायचा. बाईंनी न बघता, टायपिंगच्या वेगाने बटणं बडवली आणि गेममधला गडी थेट भिंतीपलीकडे, नुसत्या निळ्या पोकळीत! आम्ही किंचाळलोच.

बाईंनी लगेच ईमेल केला. एकट्याने तो गेम बनवणाऱ्या पोराचं उत्तर आलं, "तिथे पोचलात कशा? पलीकडचं मी अजून बनवलेलंच नाही!"

बाईंनी खटाखट टाइप केलं, "मग बनव लवकर. मी इथेच उभी आहे."