मागनं हाक

आमच्या घरी निघालेल्या माणसाला मागनं हाक मारायची नाही. डबा राहिला, पाकीट राहिलं, काहीही राहू दे. चपला न घालता पळायचं, वळसा घालून पुढं जाऊन उभं राहायचं आणि मगच बोलायचं. लहानपणी वडिलांच्या मोटारसायकलमागं डबा घेऊन मी कोपऱ्यापर्यंत गुमान पळालेय. वडील आरशात बघून थांबायचे. आई दारातनं म्हणायची, "लई शाणी गं माझी पोर."

हे आता सांगायचं कारण म्हणजे दोन महिने मी सोलापुरात घरी बसून आहे आणि दुसरं काही डोक्यात येत नाही. मी वैमानिक आहे. मोठ्या विमानांची नव्हे. उत्तरेकडं डोंगरात एका इंजिनाच्या लहान विमानातनं तांदळाची पोती, औषधांचे खोके घेऊन दऱ्यांमधनं जायचं, हे माझं काम. शेजारच्या काकू विचारतात, "भ्या वाटत न्हाय का गं?" वाटतं की. न वाटायला काय झालं?

दरीत उडायला मला सरांनी शिकवलं. नगरकडचे, पन्नाशीचे, भारी चेष्टेखोर. "सोलापूरची पोर तू, टेकडी तरी बघितलीस का कधी?" असं म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी वही अर्धवट उघडी धरून तिची दरी केली आणि तिच्यातनं काड्यापेटी नेऊन दाखवली. मधनं जायचं नाही, एका कडेनं जायचं, म्हणजे वळायला दरीची अख्खी रुंदी हाताशी राहते. दरीचा तळ पुढं पुढं चढत जातो आणि कधी कधी विमानाला तेवढं चढता येत नाही. शंका आली की तिथंच फिरायचं. "परत आलेल्याला लोक हसतात. हसू देत. हसायला तरी आपण समोर असतो," असं म्हणायचे.

त्या दिवशी मी फिरले. ढग खाली आलेत हे रेडिओवर सांगितलं. खाली धावपट्टीवर सरांनी ऐकलं, त्यांनाही त्याच दरीतनं जायचं होतं, "बघतो" म्हणाले. एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. दरीच्या वळणापलीकडं वारा डोंगरावरनं खाली कोसळत होता. पूर्ण ताकद लावूनही विमान चढत नव्हतं, खालीच चाललं होतं. मी कशीबशी वळले होते. हे रेडिओवर बोलले असते तर सगळ्यांनी ऐकलं असतं, आणि त्या महिन्यात मी तिसऱ्यांदा परत येत होते. लाज वाटली, दुसरं काही नाही. म्हटलं, उतरल्यावर सरांना एकटं गाठून सांगू.

उतरले तेव्हा सर त्यांच्या विमानाकडं चालले होते, माझ्याकडं पाठ करून. फार लांब नव्हते. आमच्या घरापासून कोपरा आहे तेवढंच अंतर. मी तोंड उघडलं आणि हाक आलीच नाही. मी पळाले. वळसा घालून, पुढं जाऊन उभं राहायला. शाणी पोर ना मी! पोचेपर्यंत ते आत चढले होते, पंखा फिरायला लागला होता. मी दोन्ही हात हलवले. त्यांना वाटलं निरोप देतेय. हसून त्यांनीही हात हलवला आणि निघाले. माझ्या विमानात रेडिओ होता. परत जाऊन सांगता आलं असतं. गेले नाही. म्हटलं, ज्यांनी शिकवलं त्यांना मी काय सांगायचं?

तिसऱ्या दिवशी ते सापडले. वळणापलीकडं, दरीच्या कडेला. मधनं गेलेच नव्हते, मला शिकवलं तसंच गेले होते.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. घरी आल्यावर आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि म्हणाली, "देवानंच फिरीवलं बघ तुला." ताटात वाढलेलं मी खाते, काय खाल्लं ते आठवत नाही. सरांच्या बायकोचा फोन आला होता. "शेवटचं तूच बघितलंस ना गं त्यांना? कसे होते?" मी म्हणाले, "हसत होते." बाकीचं सांगितलं नाही.

परवा आई नवी पेठेत निघाली. साडी फॉल लावायला टाकायची होती. फाटकापर्यंत गेली. पिशवी होती, पाकीट होतं, काहीसुद्धा राहिलेलं नव्हतं. मी दारात उभी होते.

"आई!"

एवढ्या मोठ्यानं, की समोरच्या ओट्यावरचं कुत्रं उठलं. आई जागच्या जागी थांबली आणि वळली. "मागनं हाक मारू नये म्हणून कितींदा सांगायचं गं तुला? काय झालं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय तर बोंबलतीस कशाला?" बडबडत ती घरात आली, खुर्चीवर टेकली, अर्धा पेला पाणी प्याली. मागनं हाक लागली की एवढं करूनच पुन्हा निघायचं असतं. "जाऊ का आता, का अजून हाय काय?"

मी मान हलवली. ती गेली. रिक्षात बसेपर्यंत मी बघत होते.

मग आत येऊन सरांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोनंच उचलला.

"वहिनी," मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हांला अर्धंच सांगितलं. मी हाक मारली असती, तर सर थांबले असते."